दर दोन वर्षांनी कंपनी बदला, असं मीच सांगितलं होतं



आज आधी कबुली देतो, मग विषयाकडे येतो. २०२२ मध्ये मी एक व्हिडिओ टाकला होता. सांगणं एवढंच होतं की नोकरी करणाऱ्या पोरांनी एका जागी बसू नये, दर दोन वर्षांनी उडी मारावी, पगार तसाच वाढतो. व्हिडिओ चांगला चालला. लग्नाकार्यात भेटलेली माणसं अजून त्याचं नाव काढतात.

गेल्या सोमवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळेला, आपल्याच तालुक्यातले एक शेतकरी दुकानात आले. सोबत पोरगा. मला वाटलं, मोटर बघायला आले असतील. ते म्हणाले, "भाऊ, मोटर नाही. हे पोरगं तुमचे व्हिडिओ बघतंय. तुमचं ऐकतंय. आता याला तुम्हीच सांगा काय करायचं ते, मला त्याचं काम काही कळत नाही."

पोराची गोष्ट अशी. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, कॅम्पसमधून पुण्याच्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत लागला. दवाखान्यांसाठी बिलिंगचं आणि औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिथं त्याला चार वर्षं चार महिने झालेत. आता दुसऱ्या मोठ्या कंपनीची ऑफर आलीय, चाळीस टक्के जास्त. त्यानं मला सरळ विचारलं, "सर, तुमच्या हिशोबानं तर मी दोन वर्षं उशीरच केला ना?"

मी चहा सांगितला. खरं सांगतो, वेळ काढायला सांगितला. कारण पोरगा बोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात २०१७ चा जुलै महिना फिरत होता, आणि त्या महिन्याचा विचार मी तो व्हिडिओ करताना केलाच नव्हता.

झालं होतं असं. २०१६ मध्ये मी दुकान कॉम्प्युटरवर घेतलं. तोवर बाबांच्या वेळच्या वह्या होत्या. एका छोट्या फर्मकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, स्वस्तात. चांगलं होतं हो ते. वायर मीटरवर विकायची, मोटर नगावर, पाइप लांबीवर, हे सगळं त्यात बसत होतं. बनवणारा पोरगा एकच, पण हुशार. फोन केला की दहा मिनिटांत दुरुस्त करायचा. मग तो चांगल्या पगारावर निघून गेला. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला.

वायरला एक दर, पंपाला दुसरा, प्रत्येक मालाला एचएसएन कोड, राज्यातलं बिल असेल तर कर दोन भागांत. फर्मच्या मालकाला फोन केला तर म्हणाले, "नवीन मुलगा बसवलाय, बघतोय तो." नवीन मुलगा महिनाभर बघतच होता. जुन्यानं काय लिहून ठेवलंय आणि कामून तसं लिहिलंय, हे सांगायला कोणी नव्हतं. शेवटी मी, बाबा आणि काउंटरवरचे काका, तिघांनी हातानं बिलं फाडली. ऑगस्टमध्ये पहिलं ३बी रिटर्न भरायचं होतं, त्यासाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बिलांचे गठ्ठे घेऊन बसलो. ते सॉफ्टवेअर परत कधी चालू झालंच नाही.

तेव्हा मी त्या फर्मला शिव्या दिल्या. पोराला नाही दिल्या, आजही देत नाही. त्याला जास्त पैसे मिळाले, तो गेला. पण नोकरी बदलण्यावर व्हिडिओ करणाऱ्या माणसानं दुसऱ्या टोकाला बसलेलं गिऱ्हाईक म्हणून काय भोगलं, ते तरी आठवायला पाहिजे होतं.

माझी चूक कुठं झाली ते आता कळतंय. मी सगळ्या सॉफ्टवेअर नोकऱ्या एका मापानं मोजल्या. तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला लगेच समजेल. समजा मी एखाद्या शाळेचं वायरिंगचं काम ठेक्यानं घेतलं. काम केलं, बिल घेतलं, निघालो. पाच वर्षांनी तिथला पंखा कुरकुरला तर मला कळतही नाही. आता दुसरी बाजू बघा. मी काउंटरवरून सरसमच्या शेतकऱ्याला साडेसात एचपीची मोटर विकली. ती जळाली तर तो माझ्याच दारात येणार. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ येणार. चुकीचा माल दिला असेल तर मला दहा वर्षं ऐकून घ्यावं लागणार, आणि त्यातूनच मी शिकणार की कुठल्या शिवारात किती खोल पाणी आहे, कुठं व्होल्टेज पडतं.

प्रोजेक्टवर काम करणं म्हणजे ठेका. प्रॉडक्टवर काम करणं म्हणजे दुकान. प्रॉडक्टमध्ये आज घेतलेला निर्णय चार वर्षांनी तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. दोन वर्षांत उडी मारणारा माणूस तो निर्णय घेतो, पण त्याचं काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. तो वाईट इंजिनिअर असतो असं नाही. शिक्षणाचा अर्धा भाग त्याच्या वाट्याला येत नाही, एवढंच.

उदाहरण लांबचं नको, पुण्याचंच घेऊ. क्विक हील तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी असेलच. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशेच्या आसपास पगारावर लागले. पुढं पंधरा हजारांत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. व्यापारी मंडळी ही गोष्ट नेहमी सांगतात आणि इथंच थांबतात, कारण आपल्याला मालकाची गोष्ट आवडते. मला आज त्यांच्या धाकट्या भावाबद्दल बोलायचंय.

संजय काटकर पुण्यात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. भावाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीन व्हायरसनं बिघडलेल्या असायच्या. नीट करून पाठवल्या की परत यायच्या. फ्लॉपीचा जमाना होता. ६ मार्चला जागा होऊन डेटा उडवणाऱ्या मायकेलएंजेलो व्हायरसनं १९९२ मध्ये जगभर घाबरवून सोडलं होतं. संजय यांनी व्हायरस साफ करायची छोटी-छोटी टूल्स लिहिली आणि भावानं सांगितलं, याचं प्रॉडक्ट करू. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी नोंदवली. २००७ मध्ये तिचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. २०१० मध्ये सिकोइया कॅपिटलनं साठ कोटी गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, आणि तेव्हाही तांत्रिक बाजू संजय यांच्याकडेच होती. म्हणजे वीस वर्षं एक कंपनी, एक प्रॉडक्ट.

आता मला सांगा, ही वीस वर्षं ते एकच काम करत होते का? सुरुवात डॉसवर चालणाऱ्या अँटिव्हायरसनं. मग विंडोज ९५ आलं, अर्ध्या गोष्टी नव्यानं लिहाव्या लागल्या. मग वर्ड-एक्सेलच्या फाइलमधून पसरणारे मॅक्रो व्हायरस. २००० साली 'आय लव्ह यू' नावाच्या ईमेलमधली फाइल उघडली की तो ईमेल पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना जायचा. मग पेन ड्राइव्ह. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओवाल्यांना विचारा, पेन ड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस काय चीज होती ते. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टनंच अँटिव्हायरस फुकट द्यायला सुरुवात केली. विचार करा, तुमच्या शेजारच्या दुकानात तुमचाच माल फुकट वाटायला लागले तर? कंपनीनं मग सिक्राइट नावानं कंपन्या आणि कार्यालयांसाठीचा माल काढला. खुर्ची तीच, पण तिच्यावर बसून करायचं काम पाच-सहा वेळा बदललं. आणि जुनं काय होतं, कुठं चुकलो होतो, हे माहीत असलेला माणूस प्रत्येक बदलाच्या वेळी खोलीत होता. माझ्या त्या २०१६ च्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका हाच माणूस नव्हता.

आपल्या टॅलीचंही तसंच आहे. बेंगळुरूच्या गोएंका बापलेकांनी १९८६ मध्ये सुरू केलेली कंपनी. वडिलांना धंद्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं, मुलानं, भरत गोएंकांनी, लिहिलं. जुना विक्रीकर, २००५ चा व्हॅट, २०१७ चा जीएसटी, गेल्या वर्षी म्हणजे २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला बदललेले दर, हे सगळं त्याच प्रॉडक्टनं पचवलं. हातानं बिलं फाडून कंटाळल्यावर मी शेवटी टॅलीवरच गेलो.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे मालक किंवा मालकाचे भाऊ, मालकाची पोरं. ते कशाला कंपनी बदलतील? बरोबर आहे. त्या पोरानंही हेच म्हटलं, आणि त्याचा बाप पहिल्यांदा हसला.

मग नोकराचं उदाहरण घ्या. डेव्ह कटलर. नाव ऐकलं नसेल, पण तुमच्या काउंटरवरचा विंडोजचा कॉम्प्युटर त्यानं घातलेल्या पायावर चालतो. १९८८ मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये आला, वय ४६. आपल्याकडं या वयात माणूस पोरीच्या लग्नाचं बघायला लागतो. त्यानं विंडोज एनटी बनवलं, १९९३ मध्ये ते बाजारात आलं, आणि आजचं विंडोज ११ त्याच घराण्यातलं. पुढं क्लाउडचं काम आलं तर तो अझ्युरवर गेला. मग एक्सबॉक्स वन या गेमच्या मशीनवर काम केलं, ते २०१३ मध्ये आलं तेव्हा तो ७१ वर्षांचा. कंपनी एकच, आणि हा माणूस मोठा साहेब होऊन मीटिंगा घेत बसला नाही. कोड लिहीत राहिला, आणि कंपनीनं त्याला कोड लिहिता-लिहिताच मोठं केलं.

पण कटलरच्या आयुष्यातला दुसरा भाग जास्त कामाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या आधी तो डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सतरा वर्षं होता. तिथंही टिकणाराच माणूस. मग सोडलं कशाला? तो प्रिझम नावाच्या नव्या कॉम्प्युटरवर काम करत होता आणि १९८८ मध्ये कंपनीनं ते काम बंद केलं. सोडायचं कारण पगार नव्हता, प्रॉडक्ट मारलं गेलं हे होतं. मी २०२२ मध्ये सांगितलेल्या 'दोन वर्षां'पेक्षा हे माप मला आज बरं वाटतं.

म्हणून त्या पोराला मी पहिला प्रश्न विचारला, "तुझं सॉफ्टवेअर वापरणारे दवाखाने वाढतायत की घटतायत?" म्हणाला, वाढतायत. दुसरा प्रश्न, "दवाखान्यात जाऊन, काउंटरच्या मागं उभं राहून, बिल करणाऱ्या बाईला ते वापरताना शेवटचं कधी बघितलंस?" त्याला आठवेना. पहिल्या वर्षी एकदा गेला होता म्हणे. मी म्हटलं, मग तू चार वर्षं प्रॉडक्ट कंपनीत राहून ठेकेदारीच केलीस, बाबा. राहायचं असेल तर महिन्यातून एक दिवस दवाखान्यात जायची परवानगी माग. हे लागणार नसेल तर ऑफर घे आणि जा, नुसती वर्षं मोजत बसण्यात काही नाही.

(मधेच सांगतो, दुसऱ्यांची प्रॉडक्ट बनवून देणाऱ्या कंपन्याही असतात. पुण्याची पर्सिस्टंट १९९० पासून त्याच कामावर मोठी झाली. अशा ठिकाणी मुलाखतीतच विचारून घ्या, एका प्रॉडक्टवर माणूस साधारण किती वर्षं राहतो.)

पैशाचंही बोललो, कारण बापाला तेच ऐकायचं होतं. तो बिचारा दोन एकर हळद विकून फी भरलेला माणूस, त्याला 'शिक्षण पूर्ण होतंय' सांगून काय उपयोग? दोन गोष्टी सांगितल्या. एक ग्रॅच्युइटी. कायमच्या नोकरीत सलग पाच वर्षं भरली की कायद्यानं मिळते. शेवटचं कायद्यानं धरलेलं वेतन गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. ते वेतन चाळीस हजार धरलं तर पाच वर्षांचे १,१५,३८४ रुपये होतात. पोराचे आठ महिने बाकी आहेत, आणि त्याला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं! एवढ्यासाठी थांबावं असं नाही, पण ऑफरच्या हिशोबात हा आकडा धरायला पाहिजे.

दुसरी गोष्ट शेअर. छोटी प्रॉडक्ट कंपनी पगारात मोठीची बरोबरी करू शकत नाही, पण हिस्सा देऊ शकते, त्याला ईसॉप म्हणतात. दिल्यापासून हक्क लागू व्हायला कायद्यानं किमान एक वर्ष जावं लागतं, कंपन्या साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं देतात, आणि शेअर हातात घेताना त्यातल्या फायद्यावर पगारासारखा कर बसतो. पण शेअर म्हणजे सोनं नाही. क्विक हीलचाच शेअर ३२१ रुपयांनी विकला गेला आणि बाजारात आला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या खाली उतरला. म्हणून शेअर पगाराच्या बदल्यात घेऊ नका, पगाराच्या वर मिळत असेल तर घ्या.

आता माझ्या खऱ्या वाचकांकडं, म्हणजे तुम्हा मालक मंडळींकडं येतो. पोरं थांबत नाहीत म्हणून रडणारे फोन मला आठवड्याला येतात. माझं उत्तर आता बदललंय, कारण मीही तेच केलंय.

आमच्या दुकानात १९९८ पासून एक काका आहेत. माझ्या शाळेच्या वेळेपासून मी त्यांना काउंटरवर बघतोय. पैनगंगेच्या काठच्या गावाचा माणूस आला तर ते वेगळी मोटर काढतात, डोंगराकडच्या बोअरवाल्याला वेगळी. कुठल्या कॉम्प्युटरमध्ये ते लिहिलेलं नाही. २०२१ मध्ये मी एक नवीन पोरगा ठेवला. बाजारभाव तसा होता, दहा हजार द्यावे लागले. काकांना तेव्हा साडेबारा होते. दरवर्षी दिवाळीला पाचशे वाढवायचो आणि मला वाटायचं, आपण वेळच्या वेळी वाढवतोय. काका काही बोलले नाहीत. बाबा बोलले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तेवीस वर्षांची किंमत अडीच हजार लावलीस का रे?"

त्या रात्री घास उतरला नाही. पुढच्या महिन्यात काकांचा पगार नीट केला, पण सांगायची गोष्ट ती नाही. आदल्या दिवशीपर्यंत मी ट्रेनिंगमध्ये लोकांना 'माणसं सांभाळा' सांगत फिरत होतो. बाहेरून येणाऱ्याला बाजारभाव आणि आतल्याला दिवाळीचे पाचशे, हे मीच करत होतो. सॉफ्टवेअर कंपन्या मोठ्या आकड्यांत हेच करतात. आणि मग माझ्यासारखे लोक व्हिडिओ करतात की उडी मारा. उडी मारावी लागते, कारण थांबणाऱ्याला शिक्षा होते. म्हणून वर्षातून एकदा कागद घेऊन बसा. प्रत्येक जुन्या माणसासमोर लिहा, हा आज बाहेरून आला असता तर मी याला किती दिले असते. तो फरक त्यानं मागायच्या आधी भरा. आणि चांगला कारागीर असेल तर त्याला मोठं करायचं म्हणून सुपरवायझर करू नका. त्याच्या हातातलं काम तेच ठेवा, पैसा आणि मान वाढवा.

पोराला मी शेवटी सांगितलं, "तुझ्या साहेबाला ऑफर लेटर दाखवू नको. ते दाखवून वाढलेला पगार दोघांच्याही मनात राहतो. फक्त विचार, माझ्या जागी उद्या साडेचार वर्षं अनुभवाचा माणूस बाहेरून आणला तर त्याला किती देणार?" बापानं विचारलं, "आणि साहेब रागावला तर?" पोरगाच म्हणाला, "मग ऑफर आहेच की, बाबा."

मागचा व्हिडिओ मी काढून टाकत नाही. ठेक्याच्या कामात असलेल्या पोरांना तो अजून लागू आहे. त्याच्या खाली हा लेख जोडतोय. काल रात्री पोराचा फोन आला होता. त्यानं साहेबाला विचारलं. साहेब बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, एचआरशी बोलून सोमवारी सांगतो. दवाखान्यात जायची परवानगी मात्र लगेच दिली. उद्या तो हडपसरच्या एका दवाखान्यात दिवसभर बिलिंगच्या काउंटरमागं उभा राहणार आहे.